दुसऱ्याच्या पेवात आपली हळद

सांगलीजवळच्या हरिपुरातील हळदीची पेवे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या लेखाचा विषय फारसा समजावून सांगावा लागणार नाही. जमिनीच्या पोटात खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस अशी ती कोठारे. हळद भरून तोंड लिंपून टाकले की आतली हवा सरते, कीड जगत नाही आणि माल वर्षानुवर्षे टिकतो. पेव उघडल्यावर माणूस तडक आत उतरत नसे. आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडून तो तेवतो की विझतो हे पाहिले जाई. बँकेच्या नोकरीत काही वर्षे माझी नेमणूक सांगलीला होती, तेव्हा तारण मालाच्या तपासणीसाठी मी तिकडे जात असे. तपासणी कसली, तोंडावरचे लिंपण शाबूत आहे एवढे पाहायचे आणि सही करायची. पेव एकाचे, हळद दुसऱ्याची आणि तिच्यावरचे कर्ज तिसऱ्याचे. २००५ च्या महापुरात यांतील पुष्कळ पेवांत पाणी शिरले. भिजलेल्या हळदीचे नुकसान कोणी सोसायचे यावरून तेव्हा जे वाद मी ऐकले, त्यांचे मूळ एकच होते. माल ठेवण्याच्या दिवशी तो प्रश्न कोणी कोणाला विचारलाच नव्हता.

हे सारे इतक्या वर्षांनी आठवण्याचे कारण माझा भाचा. पुण्यात त्याची एक छोटी कंपनी आहे. किराणा, कापड, हार्डवेअर अशा लहान दुकानदारांच्या खरेदीची बिले आणि जीएसटीची विवरणपत्रे पाहून त्यांना अल्पमुदतीचे कर्ज मिळवून देणे हे तिचे काम. पैसा एका वित्तसंस्थेचा; अर्ज, छाननी, हप्त्यांच्या सूचना आणि हिशेब हे सारे भाच्याच्या संगणकप्रणालीवर. अशा कंपन्यांना हल्ली ‘फिनटेक’ म्हणतात. माझ्या मेहुण्यांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, या धंद्यासाठी जयसिंगपूरचे आपले गोदाम गहाण टाकले आहे. तेव्हा घरातल्या सर्वांचेच लक्ष तिकडे असते.

कंपनी लहान होती तोवर सारी प्रणाली एका स्थानिक पुरवठादाराच्या भाड्याच्या सर्व्हरवर चालत असे. एका महिन्याच्या ५ तारखेला, हप्ते वळते होण्याच्या दिवशी, तो सर्व्हर बंद पडला. शनिवार होता. दुपारनंतर पुरवठादाराचा फोन कोणी उचलला नाही. रविवारी रात्री प्रणाली सुरू झाली, ती अशा अवस्थेत की आदल्या दिवशी काय घडले होते याची निम्मी नोंद तिच्यापाशी नव्हती. परिणामी काही दुकानदारांच्या हप्त्याची सूचना दोनदा गेली. जयसिंगपूरच्या एका दुकानदाराच्या खात्यातून रक्कम दोनदा कापली गेली आणि त्याने घाऊक व्यापाऱ्याला दिलेला चेक न वटता परत आला. बाजारात चेक परत येणे म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. तो दुकानदार मेहुण्यांच्या तीस वर्षांच्या ओळखीतला. पैसे तीन दिवसांत परत मिळाले. पण त्या तीन दिवसांत त्याला बाजारातून तोंड चुकवून जावे लागले, त्याचे काय?

त्यानंतर गेल्या पावसाळ्यात भाचा माझ्याकडे आला, तो तीन दरपत्रके आणि एक जाडजूड प्रश्नावली घेऊन. एक मोठी बँक त्याच्याबरोबर काम करण्यास तयार होती. मात्र आधी प्रश्नावलीची उत्तरे हवी होती. माहिती कोठे ठेवता, तिला कोण हात लावू शकते, पुरवठादार बुडाला तर काय कराल, असे साठाहून अधिक प्रश्न.

“मामा, यातला कोणता क्लाउड घ्यावा ते तुम्ही सांगा.”

“अरे, मला त्यातले काय कळते?”

“संगणकाचे आम्ही पाहू. करारातले तुम्ही पाहा.”

म्हणून मी पाहिले. पुढील लेखन ते एवढ्याच अधिकाराने केलेले आहे.

क्लाउड या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. ऐरोलीत किंवा पनवेलकडे रस्त्यालगत खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती दिसतात, त्यांत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात आणि त्यांचा काही भाग आपण तासाच्या किंवा महिन्याच्या भाड्याने घेतो. इतकेच ते. वीज, थंडावा, पहारा, यंत्रांची दुरुस्ती मालकाची. आत ठेवलेला माल भाडेकरूचा. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे अशी केंद्रे सुरू केली. अ‍ॅमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये आणि हैदराबादचे २०२२ मध्ये आले. गूगलने २०१७ मध्ये मुंबई व २०२१ मध्ये दिल्ली असा क्रम धरला. देशी कंपन्याही आहेत. नाशिकची ईएसडीएस आणि पनवेलला मोठे केंद्र उभारणारी योट्टा ही त्यांतली आपल्या राज्यातली नावे. भाच्याच्या तीन दरपत्रकांपैकी दोन परदेशी कंपन्यांची होती, एक देशी कंपनीचे. कोणते कोणाचे, हे मी मुद्दाम सांगत नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या धंद्याला लागू पडेलच असे नाही.

तिन्हींत सर्वांत आकर्षक दरपत्रक होते ते फुकटचे. नव्या कंपन्यांना मोठे क्लाउड पुरवठादार ‘क्रेडिट’ देतात; म्हणजे ठरावीक रकमेपर्यंत वापराचे बिल माफ. काही योजनांत ही रक्कम एक लाख डॉलरच्या घरात जाते. भाच्याला त्याहून पुष्कळच कमी देऊ केले होते, तरी वर्षभर भाडे नाही म्हटल्यावर त्याचे डोळे दिपले होते. त्याला मी एवढेच विचारले, की पहिला हंगाम फुकट देणारा गोदामवाला दुसऱ्या हंगामाला भाडे कोणत्या दराने लावतो? फुकट आहे म्हणून हात सैल सुटतो, नको ती यंत्रे चालू राहतात, आणि तेराव्या महिन्याला जे बिल येते ते पाहून मालक हबकतो. तोवर सारा माल आत गेलेला असतो.

येथे ‘बाहेर पडणे’ हा विषय येतो. माझ्या मते निवडीचा सारा प्रश्न त्याच्याभोवती फिरतो.

जुन्या पेढ्यांवर असे मुनीम असत की त्यांचे चोपडे त्यांच्याशिवाय कोणाला वाचता येत नसत. मोडी तर मोडी, पण त्यातही स्वतःच्या खुणा, स्वतःची संक्षिप्त रूपे. मुनीम प्रामाणिक असला तरी तो आजारी पडला की पेढी आजारी पडे, आणि त्याने पगारवाढ मागितली तर शेठजींना नाही म्हणता येत नसे. क्लाउड कंपन्यांच्या काही सेवा तशाच आहेत. पोस्टग्रेससारखी खुली प्रणाली वापरून हिशेब ठेवला, तर ते चोपडे उचलून दुसऱ्या पुरवठादाराकडे नेता येतात. ती प्रणाली सर्वांकडे चालते. एखाद्या कंपनीची खास स्वतःची प्रणाली वापरली तर काम सोपे आणि वेगवान होते, पण ते चोपडे दुसरीकडे कोणी वाचत नाही. सारे पुन्हा लिहून काढावे लागते. खास सेवा अजिबात घेऊच नयेत, असे माझे म्हणणे नाही. भाच्याच्या तरुण अभियंत्यांनी मला पटवून दिले, की काही ठिकाणी त्या घेणेच शहाणपणाचे. मात्र कर्जदारांचा मूळ हिशेब खुल्या प्रणालीतच राहील, एवढी अट मी घातली आणि ती त्यांनी मानली.

दुसरी गोष्ट जाण्याच्या जकातीची. माल आत आणायला पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात. एका दरपत्रकाच्या तळटीपेत मुंबई केंद्रातून बाहेर जाणाऱ्या माहितीला गिगाबाइटमागे सुमारे ११ अमेरिकी सेंट असा दर होता. वीस हजार गिगाबाइट न्यायचे म्हटले, तर बावीसशे डॉलर. रक्कम प्राण घेणारी नाही, पण ती तळटीपेत होती, ही गोष्ट माझ्यातल्या जुन्या बँक अधिकाऱ्याने टिपून ठेवली. युरोपीय संघाने आता कायदाच केला आहे, की १२ जानेवारी २०२७ पासून पुरवठादार बदलणाऱ्या ग्राहकाकडून असे शुल्क घेता येणार नाही. त्याआधीच, २०२४ च्या पहिल्या काही महिन्यांत, गूगल, अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकाला हे शुल्क माफ करण्याचे जाहीर केले. रोजच्या वाहतुकीचे मात्र द्यावेच लागते.

आता जबाबदारीचा प्रश्न. आपल्यापैकी बहुतेकांचा बँकेत लॉकर असतो. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक आपली. आत काय आहे हे बँकेला ठाऊक नसते आणि आपण आपली किल्ली रिक्षात विसरलो, तर त्याला बँक जबाबदार नसते. क्लाउडचेही तसेच आहे. इमारत, यंत्रे, पहारा यांची सुरक्षा पुरवठादाराकडे. आत कोणाला येऊ द्यायचे, कोणते दार उघडे ठेवायचे, हे ठरवणे भाडेकरूकडे. कॅपिटल वन ही अमेरिकेतली मोठी बँक अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर होती. २०१९ मध्ये तिच्या यंत्रणेतील एका चुकीच्या मांडणीतून एका व्यक्तीने आत शिरून दहा कोटींहून अधिक लोकांची माहिती बाहेर काढली. इमारतीला कोठे भगदाड पडले नव्हते. बँकेनेच एक दार नीट लावले नव्हते. पुढे २०२० मध्ये अमेरिकी नियामकाने आठ कोटी डॉलरचा दंड ठोठावला, तो बँकेला.

आपल्याकडचा कायदाही याच दिशेने बोलतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाची कामे बाहेर देण्याविषयी सविस्तर निर्देश काढले आणि ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. त्यांचा गाभा असा, की काम बाहेर देता येते, जबाबदारी बाहेर देता येत नाही. करारात तपासणीचा हक्क हवा, रिझर्व्ह बँकेला प्रवेश हवा, बाहेर पडण्याची योजना हवी आणि पुरवठादाराला सुरक्षेची घटना आढळली, तर सहा तासांच्या आत ती रिझर्व्ह बँकेपर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था हवी. अगदी लहान वित्तसंस्थांना हे निर्देश लागू नव्हते. भाच्याची कंपनी तर वित्तसंस्थाही नव्हे, ती केवळ दुवा. पण बँक त्याच्याशी करार करते तेव्हा आपल्या गळ्यातली ही दोरी करारातून त्याच्याही गळ्यात टाकते. त्या प्रश्नावलीचे रहस्य हे होते. शिवाय २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहेच. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही, तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. तेथेही उत्तर द्यायचे ते माहिती गोळा करणाऱ्याने, गोदामवाल्याने नव्हे.

माहिती भारतातच ठेवावी, हा आग्रह आता जुना झाला. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवघेवीची सारी माहिती भारतातच साठवण्याचे बंधन घातले आणि त्यासाठी सहा महिने दिले. सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनी कर्जदारांच्या माहितीलाही तोच नियम लावला. तिन्ही दरपत्रकांत ‘केंद्र मुंबई’ असे छापलेले होते. पण मी भाच्याला विचारले, की बॅकअप कोठे जातो? कोण आत आले, कोण गेले, याच्या नोंदी कोठे उमटतात? मदतीसाठी फोन केला, तर पलीकडचा माणूस कोणत्या देशात बसून आपला पडदा पाहतो? तिघांपैकी दोघांनी यांची उत्तरे लेखी द्यायला पंधरा दिवस घेतले. मला त्याचे नवल वाटले नाही. कर्जाच्या अर्जातही मुख्य रकाने सारे भरतात, माग काढावा लागतो तो जोडपत्रांचा.

माहिती भारतात असली म्हणजे चावीही भारतात असते, असे मात्र नाही. जुलै २०२५ मधली नायरा एनर्जीची घटना वाचकांना आठवत असेल. गुजरातेत वाडीनारला तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या या कंपनीत रशियन भांडवल आहे. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादताच मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेलसारख्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. भाड्याचे पैसे वेळेवर भरलेल्या भाडेकरूला दार बंद मिळाले, तेही परक्या मुलखातल्या राजकारणापायी. किराणा दुकानदारांना कर्ज देणाऱ्या पुण्याच्या कंपनीवर असा प्रसंग येण्याची शक्यता नगण्य आहे, हे मान्य. तरीही एक प्रत देशी मालकाच्या गोदामात असावी असे जे मी सुचवले, त्यामागे ही घटना होती. रिझर्व्ह बँकेनेही डिसेंबर २०२३ मध्ये वित्तक्षेत्रासाठी स्वतंत्र क्लाउड उभारण्याचा मनोदय जाहीर केला आहे. त्याची वाट पाहत धंदा मात्र थांबवता येत नाही.

देशी म्हणजे निर्धोक, असाही भ्रम नको. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या तंत्रज्ञान कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा पुरवते. खबरदारी म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला आपल्या जाळ्यातून तात्पुरते तोडले आणि सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व इतर व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी परत मिळाली. तीनशे बँका, तीनशे संचालक मंडळे, आणि सर्वांची हळद एकाच पेवात!

आता त्या ९९.९ टक्क्यांविषयी. प्रत्येक दरपत्रकात सेवा किती टक्के वेळ चालू राहील याची हमी असते आणि ती वाचून मन निश्चिंत होते. तीस दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा, ९९.९९ टक्के म्हणजे चार मिनिटांच्या किंचित वर. ही मिनिटे महिन्याच्या २० तारखेला पहाटे आली तर कोणाला कळणारही नाहीत. ५ तारखेला सकाळी आली तर काय होते, ते वर सांगितलेच आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हमी मोडली तर काय मिळते? पुढील बिलात काही टक्के सूट, बस्स. समजा महिन्याचे बिल तीन लाख आणि सूट दहा टक्के. तर तीस हजार रुपये. परत आलेल्या चेकचे कोणी काही देत नाही. लॉकरचा नियम याहून बरा म्हणायचा. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्या, तर वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत बँकेचे दायित्व असते. क्लाउडच्या नेहमीच्या करारात असे कलम मला दिसले नाही. भाच्याने विक्री प्रतिनिधीला तसे विचारले, तेव्हा तो नुसता हसला.

आग लागतच नाही असे नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीची पाच मजली इमारत जळून गेली आणि अनेक ग्राहकांची माहिती कायमची नष्ट झाली. काहींनी बॅकअपची सेवा वेगळे पैसे मोजून घेतली होती. ती प्रतही त्याच आवारात होती. याउलट गोष्ट ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची. मी स्वतः पेन्शनर असल्यामुळे ती जरा जास्तच लक्ष देऊन वाचली. या निधीचे सहा लाखांहून अधिक सभासद. मे २०२४ मध्ये गूगलच्या क्लाउडवरची त्याची यंत्रणाच अचानक पुसली गेली. कोणी हल्ला केला नव्हता. यंत्रणा उभारताना गूगलकडील माणसांनी एक रकाना कोरा सोडला होता; त्यामुळे तिला आपोआप एक वर्षाची मुदत लागली आणि मुदत संपताच ती पुसली गेली. आठवडाभर सभासदांना आपले खाते पाहता आले नाही. निधी सावरला, कारण त्याने एक बॅकअप दुसऱ्या पुरवठादाराकडेही ठेवलेला होता. कोऱ्या रकान्याने केलेला घात पाहून मला माझ्या शाखेतल्या मुदत ठेवींच्या पावत्या आठवल्या. नूतनीकरणाच्या सूचनेचा रकाना कोरा राहिला, की आमच्याकडेही हाच गोंधळ होई; फक्त पावती जळत नसे.

बॅकअप आहे, एवढ्यावर मात्र समाधान मानू नये. नव्वदच्या दशकात आमच्या शाखेत संगणक आले, तेव्हा रोज संध्याकाळी दिवसभराचा हिशेब टेपवर उतरवून ती टेप शेजारच्या शाखेच्या तिजोरीत ठेवण्याचा दंडक होता. चार वर्षे आम्ही तो इमानेइतबारे पाळला. रजिस्टरात सह्या, तिजोरीत टेपांची चळत. एके दिवशी मुख्य डिस्क निकामी झाली आणि टेपा मागवल्या, तर अकरा टेपांपैकी नऊ कोऱ्या. उतरवणारे यंत्रच कधीतरी बिघडले होते; त्यातून एखादी टेप परत वाचून पाहावी, असे चार वर्षांत कोणालाच सुचले नव्हते, मलाही नाही. तीन रात्री जागून आम्ही व्हाउचरांवरून खतावणी पुन्हा लिहिली. म्हणून भाच्याला मी बजावले, की करारावर सही करण्यापूर्वी पुरवठादाराच्या चाचणी खात्यावर सारी प्रणाली एकदा पाड आणि घड्याळ लावून पुन्हा उभी कर. ज्याच्याकडे हे सुरळीत जमेल, त्याला दोन पैसे जास्त दे.

पैशांचा विषय निघाला म्हणून थोडे. बिल डॉलरच्या दरावर बेतलेले आहे की रुपयाच्या, हे आधी पाहावे. भारतीय उपकंपनी रुपयांत बिल देत असली, तरी मूळ दर पुष्कळदा डॉलरचा असतो आणि रुपया घसरला की आपले भाडे चढते. एक किंवा तीन वर्षे बांधून घेतल्यास मोठी सूट मिळते, पण वाढत्या धंद्याला आपली गरज आधीच नेमकी कळत नाही. पहिले सहा महिने सुटे भाडे भरून वापर पाहावा, आणि जेवढे कधीच कमी होत नाही तेवढेच बांधावे. मंजूर मर्यादेपेक्षा प्रत्यक्ष उचल पाहून कॅश क्रेडिट ठरवावे, तसेच हे. १८ टक्के जीएसटीचे परतावे साधारण कंपनीला पूर्ण घेता येतात. पण पुढे कंपनी स्वतः वित्तसंस्था झाली आणि तिने कायद्यातला निम्म्या परताव्याचा पर्याय स्वीकारला, तर निम्मा कर खर्चात पडतो. हा फरक भाच्याच्या हिशेबात नव्हता. तो तिथल्या तिथे वाढवला.

शेवटी निवड ठरली ती अशी. मुख्य प्रणाली दोन परदेशी कंपन्यांपैकी एकीच्या मुंबई केंद्रात. रोजची प्रत तिच्याच दुसऱ्या शहरातल्या केंद्रात. आणि आठवड्याची कुलूपबंद प्रत देशी पुरवठादाराकडे, जिची किल्ली फक्त भाच्याच्या कंपनीकडे. निवडलेली कंपनी तिघांत सर्वांत स्वस्त नव्हती आणि फुकट वर्ष देणारीही नव्हती. तिची निवड होण्याचे एक कारण मला आधी क्षुल्लक वाटले होते. भाच्याकडच्या पाच अभियंत्यांपैकी चौघांनी तिच्याच प्रणालीवर पूर्वी काम केलेले होते. विचार केल्यावर ते मला सर्वांत वजनदार वाटू लागले. कॅपिटल वनचे दार काही स्वस्त कुलपामुळे उघडे राहिले नव्हते. लावणाऱ्याच्या हातून चूक झाली होती. ज्या कुलपाची सवय आहे, तेच माणूस अंधारातही नीट लावतो.

मेहुण्यांनी एकदा विचारले, “ते पेव आहे कुठे? एकदा बघून येऊ या की!” तसे जाता येत नाही, हे त्यांना सांगावे लागले. मोठ्या पुरवठादाराच्या इमारतीत भाडेकरूला सहसा प्रवेश नसतो; त्रयस्थ लेखापरीक्षकाचा अहवाल आणि प्रमाणपत्र मिळते. म्हणजे लिंपण शाबूत असल्याचा दाखला. मी त्या अहवालाची दीडशे पाने वाचली. शेवटच्या काही पानांवर, ग्राहकाने स्वतः काय काय करावयाचे, याची यादी होती, ती भाच्याच्या टेबलावर चिकटवून आलो.

पहिली परीक्षा गणपतीनंतरच्या एका रविवारी झाली. मुख्य प्रणाली मुद्दाम बंद करून दुसऱ्या शहरातल्या प्रतीवरून उभी करायची. दोन तासांत होईल असे मुले म्हणत होती. लागले पाच तास वीस मिनिटे. त्यातले तीन तास, ज्या एका मुलाकडे दुसऱ्या खात्याची किल्ली होती तो बहिणीच्या साखरपुड्याला गावी गेला होता आणि तेथे फोनला रेंज नव्हती, यात गेले. आता किल्ली तिघांकडे आहे आणि तिघांनी एकाच वेळी रजा घ्यायची नाही, असा नियम आहे. पुढच्या महिन्यात तेच काम एक तास पन्नास मिनिटांत झाले. देशी पुरवठादाराकडची कुलूपबंद प्रतही एकदा उघडून पाहिली. ती वाचता आली. बँकेच्या प्रश्नावलीतील ‘बाहेर पडण्याची योजना’ या प्रश्नापुढे भाच्याने या परीक्षांच्या तारखा आणि लागलेला वेळ, पाच तास वीस मिनिटांसकट, लिहून दिला. तो आकडा वगळावा, असे कंपनीतल्या एकाचे म्हणणे होते. मी म्हटले, राहू दे. तपासणी अधिकारी म्हणून मी स्वतः कोणत्या कागदावर विश्वास ठेवला असता, ते मला ठाऊक होते. बँकेने करार केला.

जयसिंगपूरच्या त्या दुकानदाराला भाचा दिवाळीच्या आधी स्वतः जाऊन भेटला. त्यांनी चहा दिला, पहिल्या प्रसंगाविषयी एक अक्षर काढले नाही आणि निघताना म्हणाले, “बंद पडायचे ते पडते रे, दुकानाचे शटरसुद्धा पडते. मला आधी कळवायचे होते.” आता प्रणाली अर्ध्या तासाहून अधिक बंद राहिली, तर त्या दिवशीच्या हप्त्याच्या सर्व सूचना आपोआप थांबतात आणि ज्यांचा हप्ता त्या दिवशी आहे, त्या प्रत्येक दुकानदाराला मराठीत निरोप जातो. हा निरोप पाठवणारी यंत्रणा मुख्य क्लाउडवर ठेवलेली नाही.